दुधाचा दुसरा हात

काठीवालीने ब्रश दुधात बुडवला, बाटलीच्या काठाला निथळवला आणि निळ्या दोऱ्यावर अलगद टेकवला. दूध म्हणजे खरं दूध नव्हे. दोऱ्याचा रंग राखणारा पांढरट, पातळ द्रव. गळाच्या काठीवर कड्या बसवायच्या, त्या रंगीत दोऱ्याने घट्ट गुंडाळायच्या आणि वरून इपॉक्सीचा काचेसारखा थर द्यायचा, हे तिचं काम. मधे दूध पाजलं नाही, तर इपॉक्सी थेट दोऱ्यात मुरतं आणि दोरा ओल्या कापडासारखा काळवंडतो. कापड निदान वाळतं. दोरा तसाच राहतो, कायमचा. म्हणून दुधाचे दोन हात द्यायचे, आणि दोन हातांमध्ये एक अख्खी रात्र जाऊ द्यायची.

दार ढकलून एक माणूस आत आला. त्याच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. तो मास्तरांचा धाकटा भाऊ. मागे मास्तरांची बायको. मास्तर तिचं जुनं गिऱ्हाईक. रविवारी पहाटे धरणावर मासे धरायला गेले ते परतले नव्हते. आज शनिवार होता.

"ताई, पाचच मिनिटं," दीर म्हणाला. त्याने चादर सोडून काठी टेबलावर ठेवली. टोक मोडलेलं होतं. "धरणाच्या दरवाजापाशी, जाळीत अडकली होती. आज सकाळी निघाली. दादाची आहे का, तेवढं सांगा."

"ह्यांची नाही," बाई दारातूनच म्हणाली. "धरणाच्या ऑफिसात मी सांगितलंय तसं."

"सांगितलंत, पण तुमच्या एकटीच्या शब्दावर ते चालत नाहीत, वहिनी. बनवणाऱ्याला विचारून या म्हणाले."

"नवऱ्याची काठी बायकोला कळत नाही, साहेबाला कळते."

"तुम्ही ती हातात तरी घेतली होती का कधी? दादा नावेच्या शेडमध्येच ठेवायचा."

"हातात कशाला घ्यायला हवी? रंग मी निवडलाय, भावजी. इथं, ह्याच खुर्चीत बसून. हे जांभया देत होते. लिंबासारखा पिवळा दोरा होता. आणि ही बघा, शेवाळ धरल्यासारखी."

दिराने काठीवालीकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढलेली.

"दादाची निघाली तर आज संध्याकाळी शोध थांबवणार," तो हळू आवाजात म्हणाला. "दरवाजाच्या ओढीत गेलेलं माणूस... ते म्हणतात, मग शोधून उपयोग नाही. नसली, तर उद्यापासून पलीकडचा काठ पालथा घालतील. तिकडे झाडी आहे. पाय मोडून पडला असेल कुठे. तसा धडपड्याच आहे तो."

काठीवालीने हात पुसले. काठी उचलायची गरजही नव्हती. प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंना रुपेरी दोऱ्याचे तीन वेढे होते, गाठ खालच्या अंगाला दडवलेली. असे तीन वेढे या भागात तिच्याशिवाय कुणी देत नव्हतं. तरी तिने काठी उचलली, खिडकीपाशी नेली आणि नको इतका वेळ पाहत राहिली.

वर्षापूर्वी, ही काठी केली त्या शनिवारी मास्तरांना घाई होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, नवी काठी हवीच होती. तिने दुधाचा एकच हात दिला, पंख्याखाली वाळवला, आणि वाळला असेल असं धरून इपॉक्सी लावलं. थर सारखा बसावा म्हणून मोटरवर काठी संथ फिरत होती. तिच्या डोळ्यांदेखत पिवळा रंग बुडत गेला. आधी ठिपके उठले, मग ठिपके एकमेकांना मिळाले आणि काठीचा काळा रंग खालून वर आला. इतक्या वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. मास्तर आले तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि काढून पुन्हा बांधून देते म्हणाली.

मास्तर पोट धरधरून हसले होते. "राहू द्या हो. माशाला काय रंग कळतो? फक्त आमच्या घरात बोलू नका. तिला कळलं तर आधी तुम्हाला सोलेल, मग मला."

त्यानंतर ती काठी त्यांनी घरी नेलीच नाही.

"ताई?" दीर म्हणाला. "पाण्यात राहून पिवळ्याचा असा रंग होतो का?"

खरं उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही. पण दाराशी उभी असलेली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"नाही," काठीवाली म्हणाली. "इपॉक्सीच्या आत पाणी शिरत नाही. सहा दिवस काय, सहा महिने पडून राहिली तरी दोऱ्याचा रंग बदलत नाही."

"आणि दादाच्या काठीला तुम्ही पिवळाच दोरा बांधला होता?"

"पिवळाच बांधला होता."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यात दया किती होती आणि स्वतःच्या चुकीची लाज किती, हे तिला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

दिराने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग फोन काढला आणि अंगणात गेला.

बाई पुढे आली. तिने काठी काठीवालीच्या हातातून घेतली आणि कड्यांवरून अंगठा फिरवला, मुलाच्या अंगावरचा ओरखडा पाहावा तसा.

"त्यांनी तुम्हाला बजावलं होतं ना, मला सांगायचं नाही म्हणून?"

काठीवालीने मान डोलावली.

"गेल्या वर्षी डबा विसरले होते. मी द्यायला शेडवर गेले, तर हे पाण्यात आणि काठी भिंतीला टेकवलेली. पिवळा काळवंडलेला, तरी मी ओळखली. घरी येऊन म्हणाले, तुझ्या पिवळ्या काठीवर आज तीन लागले. मी म्हटलं, लागणारच, रंग कुणी निवडलाय!" ती हसल्यासारखं करून थांबली. "वर्षभर आमचं असंच चाललं होतं."

"मग ऑफिसात 'नाही' असं का म्हणालात?"

"हो कसं म्हणू? मी हो म्हटलं असतं की संपलं." तिने काठी खाली ठेवली. "वाटलं, तुम्ही हो म्हणाल. हात तुमचा आहे, तुम्हाला ओळखावंच लागेल. मग ऐकून घेईन."

उघड्या दारातून दिराचा आवाज येत होता. आधी चाचरत, मग मोठा होत. "हो, हो, बनवणारीनेच सांगितलं... नाही त्याची... हो साहेब, मी येतो ना सोबत, मला तो काठ पाठ आहे. लहानपणी आम्ही दोघं..."

दोघी ऐकत होत्या. बाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. निळ्या दोऱ्यावरचं दूध सुकून पारदर्शक होत आलं होतं, आणि ब्रश तसाच उघडा राहून ताठ झाला होता.

दीर आत आला तो जवळजवळ धावतच. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मास्तरांसारखा दिसत होता.

"तीन बोटी देतायत, वहिनी! उजाडताच निघायचं. तुम्ही घरी जाऊन जरा झोपा, आणि त्याचे जाड कपडे काढून ठेवा. गारठला असेल."

बाईने काठीवालीकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती.

काठीवालीने टेबलाखालचं स्टूल ओढून बाहेर काढलं, त्यावरची दोऱ्याची रिळं एका हाताने बाजूला सारली.

"भाऊ," ती दिराला म्हणाली, "जरा बसा. त्या पिवळ्या दोऱ्याचं एक सांगायचं राहिलंय."