संध्याकाळचा भाग

"थांब वं काकू, लोड होऊन राहिलं," म्हणत डिंपलने मोबाइल पाण्याच्या पितळी गुंडाला टेकवून उभा केला. रुपा शेजारी उकिडवी बसली. संध्याकाळी आठला टीव्हीवर येणारा मालिकेचा भाग मोबाइलवर सकाळीच दिसतो, हे या शेजारच्या पोरीनेच तिला सांगितलं होतं. गेल्या दोन महिन्यांत रुपाने एकही सकाळ चुकवली नव्हती.

हौस म्हणून नव्हे. मालिकेतला नवरा संशयी होता. बायको ऑफिसात साहेबाशी हसून बोलते म्हणून हा घरी कुढायचा. रुपाचा नवरा कैलाश कोंढा गावच्या एका राईस मिलमध्ये हमाल. त्याला स्वतःचं डोकं नव्हतं असं नाही, पण आठ वाजता ते तो टीव्हीच्या हवाली करायचा. मालिकेतल्या नवऱ्याने बायकोचा मोबाइल तपासला की दुसऱ्या दिवशी कैलाश रुपाचा तपासायचा. त्याने पावडरीवरून टोमणा मारला की पंधरा वर्षांत कधी न दिसलेली पावडर यालाही दिसायची. आधी रुपाला हसू यायचं. मग मालिकेत एका गुरुवारी थप्पड बसली, शुक्रवारी रुपाला बसली आणि हसणं संपलं. तेव्हापासून ती सकाळी प्रश्न पाहून ठेवायची आणि त्याचं उत्तर जुळवून ठेवायची. पावडर तिने सोडूनच दिली.

तिचं बाहेरचं ठिकाण एकच, स्टँडजवळचं श्यामरावांचं शिलाईचं दुकान. श्यामराव सत्तरीचे, डोळ्यांत मोतीबिंदू. रुपाने नऊ वर्षं काज-बटणं केल्यावर गेल्या दिवाळीत त्यांनी आपली कात्री तिच्या हातात दिली होती. "आता कटिंग तूच कर. मले दिसत नाही, तुले दिसते." त्या दिवशी घरी येताना रुपाची मान जरा वर होती. तेव्हापासून बाया रस्त्यात कैलाशला थांबवून निरोप द्यायच्या, रुपाबाईले सांगा, ब्लाऊज काखेत घट्ट झालं. त्याचं तिथेच बिनसलं होतं.

मोबाइलवर आज नवरा ऑफिसात शिरला. त्याने साहेबाची कॉलर धरली, सगळ्यांसमोर नको ते बोलला आणि बायकोला ओढत बाहेर काढलं. तेवढ्यात चित्र थांबलं.

"डेटा संपला, काकू. बाकीचं संध्याकाळी पायजो."

रुपाने हिशेब लावला. म्हणजे उद्या कैलाश दुकानात येणार. बायांच्या गर्दीत श्यामरावांची कॉलर धरणार. स्वतःची लाज तिने केव्हाच गिळली होती, त्या म्हाताऱ्याची तिला गिळवेना.

दुपारी तिने कात्री त्यांच्यापुढे ठेवली.

"मास्तर, उद्यापासून मी येत नाही."

"काहून? माझं काही चुकलं काय?"

"तुमचं नाही. घरी जमत नाही."

श्यामरावांनी कात्री चाचपून पाहिली. "लग्नाचे ब्लाऊज पडून आहेत, पोरी. हात तर पाहिजे. रंभाबाईची सून काम मागून राहिली, तिले बोलावू मंग?"

"बोलवा," रुपा म्हणाली. पुन्हा कात्री घेऊन हातातलं ब्लाऊज कापून पुरं केलं आणि ती निघाली. बाहेर आल्यावर तिला रडू आवरलं नाही.

संध्याकाळी कैलाश ताट घेऊन मालिकेसमोर बसला. पडद्यावर नवऱ्याने कॉलर धरली, बायकोला ओढलं आणि तो पलंगावर दचकून जागा झाला. सगळं त्याचं स्वप्न होतं. बायकोपुढे हात जोडून तो ढसाढसा रडला. म्हणाला, उद्यापासून मीच तुला ऑफिसात सोडतो.

रुपाच्या हातातला वरणाचा चमचा तसाच राहिला.

सकाळी ती डिंपलकडे गेली नाही. कैलाशने फटफटी पुसून दारात उभी केली होती. "चाल, तुले दुकानात सोडून देतो. अन् थोडी पावडर लाव ना वं, कशी दिसून राहिली."

रुपा उठली. पावडर लावली, रिकामी पिशवी घेतली आणि मागे बसली. दुकानापुढे त्याने तिला उतरवलं, श्यामरावांना हात जोडून नमस्कार केला आणि हसून मिलकडे गेला.

आत रंभाबाईची सून टेबलाशी उभी होती. श्यामराव तिच्या हातातली कात्री नीट धरून दाखवत होते. फटफटीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत रुपा पायरीवर थांबली, मग घराच्या वाटेला लागली.