खालची ओळ

इस्पितळाच्या लाँड्रीत आठ माणसं होती, त्यांची सहा झाली. एकजण नोकरी सोडून गेला. दुसरी मुकादमाची बायको. ती तीन आठवड्यांपूर्वी यंत्राशेजारीच घड्या घातलेल्या चादरींवर कोसळली, ती उठलीच नाही. चादरी मात्र होत्या तेवढ्याच येत राहिल्या.

दाराशी एक फळा होता. वरच्या खिळ्यांवर कामावरच्यांचे पत्र्याचे बिल्ले, खालच्या ओळीत सुट्टीवरच्यांचे. ते हलवायचं काम मुकादमाचं. बायकोची सुट्टीची पाळी आली की तो तिचा बिल्ला वरच ठेवायचा आणि दुसऱ्याला सुट्टी द्यायचा.

"घरच्या माणसाला आधी दिली तर लोक तोंडात शेण घालतील," तो म्हणायचा.

"तुमची वैरीण असते तर बरं झालं असतं," ती हसायची. "महिन्याला एखादी सुट्टी तरी मिळाली असती."

आता तिच्या इस्त्रीच्या यंत्रावर लाँड्रीतल्याच एक मावशी उभ्या राहायच्या. माणसं भरेपर्यंत सुट्ट्या बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. तरी त्या दिवशी सकाळी मावशी म्हणाल्या, "मुकादम, पोटऱ्या फुटायला आल्यात. एक दिवस द्याल?"

त्याने त्यांचा बिल्ला खाली लावला.

"आणि यंत्रावर कोण?"

"मी."

"तुम्ही? आजवर बिल्ल्यांपेक्षा जड काही उचललंय का?" असं म्हणून मावशी घरी गेल्या.

चादर पसरायची, डाव्या पायाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दहा आकडे मोजेपर्यंत दाबूनच धरायचं. पन्नास चादरींत त्याची मांडी लटलटायला लागली. तेव्हा त्याला बायकोची चप्पल आठवली. तिची डावी चप्पल दर तीन महिन्यांनी झिजायची. "नीट चालता येत नाही का तुला? पाय घासत चालतेस," असं तो तिला करवादून बोलायचा. ती तळ शिवून आणायची.

दुपारी साहेब आले. मागे साठलेला ढीग बघून त्यांनी विचारलं, "यंत्रावरची बाई कुठंय?"

"सुट्टीवर. मी दिली."

साहेबांनी तिथूनच फोन लावला. दोन वाजता मावशी आल्या, आपला बिल्ला आपणच वर लावला आणि म्हणाल्या, "सरका, मुकादम."

"करतो मी."

"निम्म्यावरही नाही पोचलात. वर पेशंट नुसत्या गादीवर पडलेत."

तो सरकला. मावशींनी पेडलवर पाय ठेवला. त्यांच्याही डाव्या चपलेचा तळ झिजून पातळ झाला होता.

तो फळ्याकडे गेला. बायकोचा बिल्ला अजून वरच होता. काढायचा कोणाला धीर झाला नव्हता. त्याने तो उतरवला आणि खाली लावला. त्या ओळीत तेवढा एकच बिल्ला होता.