घट्ट झाकणाचा डबा

अराबा क्वान्साने प्रबंधाला सहा वर्षं दिली होती आणि आता तिला त्याच्याबद्दल काहीही वाटत नव्हतं. दाढ काढून आल्यावर गाल असतो ना, तशी ती आतून बधिर झाली होती. गुरुवारी सकाळी दहाला केप कोस्टच्या विद्यापीठात तोंडी परीक्षा. आईने शिंप्यामागे लागून नवा पोशाख शिवून घेतला होता, चर्चमधल्या बायका आत्तापासूनच तिला डॉक्टर म्हणत होत्या, आणि ती सगळ्यांना नुसतं हो हो करत होती.

प्रबंध कशावर, ते सांगायला सोपं होतं. स्वमग्न मुलं, पाच वर्षांच्या आतली, एकूण बत्तीस. आठवड्यातून तीनदा मुलाच्या घरी जायचं. आवडीचा खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून डबा त्याच्या हाती द्यायचा आणि समोर बसायचं. झाकण त्याला उघडत नाही. त्याने डबा समोरच्यापुढे धरला की ते मागणं. त्याच क्षणी उघडून द्यायचं, म्हणजे मागितलं की मिळतं हे त्याला कळतं. सगळं कॅमेऱ्यात टिपायचं. मग अराबाने आणि तिच्या सहकारी बेन्यिवाने वेगवेगळ्या खोल्यांत बसून मागणी मोजायची. बारा आठवड्यांत दहा वेळा मागितलं तर मूल पुढच्या, शब्दांच्या टप्प्यात. नाही तर फाइल बंद. सव्वीस मुलं पुढे गेली, सहा राहिली.

मंगळवारी तिचे मार्गदर्शक प्रोफेसर ओटूंनी सांगितलं, परीक्षकांना मागायला न शिकलेल्या मुलाचं एक चित्रण दाखवायचंय, त्यातल्या त्यात स्पष्ट असेल ते निवड. अराबाने मान्साचं निवडलं. एल्मिना गावात केंकी, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या एकुबाची ही मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. बारा आठवड्यांत तिचं शून्य. शून्याहून स्पष्ट आणखी काय असणार?

दुपारचं जेवता जेवता तिने ते लावलं. पहिला आठवडा. अंगणात चटई, चटईवर मान्सा, समोर अराबा स्वतः. मान्साने डबा हलवला, कानाला लावून आतल्या शेंगदाण्यांचा आवाज ऐकला आणि मग तो अराबासमोर धरला. डाव्या हातात. पडद्यावरच्या अराबाने दोन बोटांनी तिचं मनगट धरलं, हळूच खाली दाबून मांडीवर टेकवलं आणि वाट बघत बसली.

असं आपण केलं होतं हे तिला आठवेना. आठवण्यासारखं होतंच काय त्यात? डाव्या हाताने द्यायचं नाही आणि कुणी दिलं तर घ्यायचं नाही, हे आजीने तिला दोन चापट्यांत शिकवलं होतं. तेव्हापासून डाव्या हातातलं देणं तिच्या हिशेबी देणंच नव्हतं. बेन्यिवाचीही आजी असणारच की! दोघींचे आकडे शंभर टक्के जुळले होते आणि त्यावर प्रोफेसरांनी दोघींची पाठ थोपटली होती. डोळ्यांत तेल घालून मोजायला बसल्या होत्या बाया, आणि दोघींना एकाच बाजूचं दिसत होतं.

ताट तसंच सरकवून तिने मान्साची सगळी चित्रणं पुन्हा पाहिली. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस वेळा. तिसऱ्यात तीस. सहाव्यात अकरा. बाराव्यात एकदा, तेही हात अर्धा उचलला गेला आणि कुणी न दाबताच आपण होऊन मांडीवर गेला. मुलगी मागत आली होती आणि या दोघींनी बारा आठवडे खपून तिचं मागणं बंद केलं होतं. उरलेल्या पाचांचीही चित्रणं तिने पाहिली. त्यांचं शून्य खरं होतं.

तिने प्रोफेसरांना फोन केला. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. एका मुलीने निष्कर्ष बदलत नाही, ते म्हणाले. मर्यादांच्या प्रकरणात एक ओळ घाल, डावखुऱ्या मुलांची वेगळी नोंद ठेवलेली नाही म्हणून, आणि गुरुवारी वेळेवर ये. अराबा "हो सर" म्हणाली. ओळ घातली. ती पानावर अगदी नीट बसली, कुठे काही सरकवावंही लागलं नाही. तिला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तितपतच.

बुधवारी ती एल्मिनाला गेली. एकुबा भट्टीपाशी बसून उकडलेल्या पिठाचे गोळे केळीच्या पानांत बांधत होती. मान्सा आता सहा वर्षांची झाली होती आणि उरलेली पानं एकाखाली एक लावत होती.

"या मॅडम. किती वाळलात! पुस्तकंच खाता वाटतं," एकुबा म्हणाली आणि तिने ताटलीत केंकी आणि तळलेला मासा वाढला, मिरचीची चटणी जरा जास्तच घातली. अराबा बोलायला तोंड उघडणार तोच एकुबाने सुरुवात केली. "ही बोलत नाही अजून. पण तुमचे उपकार आहेत हो. आधी ज्याच्या त्याच्यासमोर डावा हात नाचवायची. लोक मला बोलायचे, आईने काही वळण लावलं नाही म्हणून. तुमच्याकडून तेवढं तरी शिकली. आता कुणापुढे हात करत नाही."

अराबाने ताटली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. एकुबाचे हात थांबले नाहीत. दोन गोळे बांधून झाले.

"म्हणजे ती मागत होती?"

"हो."

"किती वेळा?"

"पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हात खाली ठेवला."

"मीही तेच करत आले," एकुबा म्हणाली. "तुम्ही गेल्यावरही. म्हटलं, मॅडम करतात म्हणजे त्यात काहीतरी असणार."

 अराबा उठून मान्सासमोर चटईवर बसली, पिशवीतून जुना डबा काढला आणि तो डाव्या हाताने पुढे केला. गिऱ्हाइकांच्या रांगेतली एक म्हातारी चुकचुकली. मान्साने पानं बाजूला ठेवली. त्या हाताकडे पाहिलं. मग दोन बोटांनी अराबाचं मनगट धरलं, हळूच खाली दाबून मांडीवर टेकवलं आणि वाट बघत बसली.

संध्याकाळी अराबाने विद्यापीठाला दोन ओळींचं पत्र पाठवलं. एका मुलीचं शून्य खोटं आहे, प्रबंध परत घेते आहे. आईला तिने अजून काही सांगितलं नव्हतं. नवा पोशाख दाराला टांगलेला होता.

गुरुवारी दहा वाजता ती एल्मिनाच्या त्याच चटईवर होती. पिशवीत फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला. डाव्या हाताने ती डबा पुढे करी, मान्सा हात खाली ठेवी, आणि पुन्हा तेच. असं सतरा वेळा झालं. मोजणीची वही पिशवीतच होती. अकराच्या सुमाराला एकुबाने पीठ लागलेले हात पुसले, जवळ येऊन बसली आणि गिऱ्हाइकांदेखत आपला डावा हात लेकीपुढे पसरला. मान्साने तोही खाली ठेवला, आणि दोघींनी शिकवलं होतं तशी, गप्प, वाट बघत बसली.