तुमाइनीच्या दुधावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी गव्हाण आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. याला स्वभाव म्हणा किंवा धंदा म्हणा. जो येतो तो माझ्यात काहीतरी टाकून जातो आणि गाय बिचारी न बघता तोंड घालते. मग बघायचं काम मलाच करावं लागतं.

केनियातल्या न्येरीच्या डोंगरउतारावर, चहाच्या मळ्याच्या बांधावर मी सिल्व्हर ओक म्हणून उभी होते. मला कापलं, फळ्या केल्या आणि एका सुताराने मला ठोकली. तो शिट्टी फार गोड वाजवायचा. पण तळाच्या कोपऱ्यात मारायचे खिळे त्याने खिशात घातले, ते मी पाहिलं. तो कोपरा आजही डुगडुगतो. शिट्टी वाजवणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून संशय येतो.

मला वारुगुरू नावाच्या म्हातारीच्या घरी आणून बसवलं. जमीन म्हणजे उतारावरची एक पट्टी. वर चहा, मध्ये घर आणि गोठा, खाली नदी. गाय चरायला सोडायला जागा नाही. म्हणून आमच्याकडे गाय जन्मभर गोठ्यातच उभी असते आणि तिच्या वाट्याचं जग माझ्यात आणून टाकलं जातं.

गाईचं नाव तुमाइनी. ती वारुगुरूची नव्हती. वारुगुरूची सून न्याकिओ हिला बायकांच्या गटाने दिली होती. नवरा मोंबासाच्या बंदरात कामाला, त्यामुळे घर सासू-सुनेचंच. गटाचा नियम साधा होता. गाय नीट सांभाळायची आणि तिची पहिली कालवड गटातल्या पुढच्या बाईला द्यायची. गाईची आबाळ केली किंवा दुधात लबाडी केली, तर गाय उचलून दुसऱ्या घरी. न्याकिओला ही गाय मिळाली तेव्हा तिने माझ्या कडेवर डोकं टेकून रडून घेतलं होतं. आनंदाने रडत होती म्हणे. मी तेही नीट निरखून पाहिलं.

पण खायला घालावं ते न्याकिओनेच. हत्तीगवत कमरेएवढं झालं की ती कापायची, जरा सुकू द्यायची आणि बारीक कुट्टी करून माझ्यात पसरायची. वर रताळ्याचे वेल, कधी केळीच्या सोटाच्या चकत्या, धार काढताना ओंजळभर खुराक. कोपऱ्यात चाटायला मिठाची वीट. वारुगुरूला हे पटायचं नाही.

"अगं, गवत माणसाच्या डोक्यावर जाऊ दे की. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, या घरी चारा आहे म्हणून!"

"आई, रस्त्यावरून जाणाऱ्याला नाही ना खायचंय ते. जून दांडे गाय टाकून देते."

"माझ्या सासूच्या गाई तर झोपडीचं छप्पर खायच्या."

"म्हणून तर तुम्ही कोरा चहा प्यायला शिकलात."

वारुगुरू हसायची नाही, पण पाठ फिरवून खांदे हलवायची. ते बरे दिवस होते. शेजारणी यायच्या, चाटूनपुसून स्वच्छ झालेला माझा तळ बघायच्या आणि म्हणायच्या, गव्हाण असावी तर अशी. स्तुती करणारे लोक मला आवडतात. तरी ते गेल्यावर मिठाची वीट जागेवर आहे ना, हे मी पाहून घेत असे.

मग एका वर्षी दूध केंद्र उघडलं, ते थेट आमच्या कुंपणाला लागून. पूर्वी दूध बाजारापर्यंत डोक्यावरून न्यावं लागे. आता न्याकिओ धार काढायची आणि किटली घेऊन रांगेत पहिली उभी राहायची. लांबच्या डोंगरांवरच्या बाया मागाहून, धापा टाकत यायच्या.

एका सकाळी ती भरली किटली घेऊन परत आली. केंद्रावरचा किहातो दुधात लॅक्टोमीटर सोडून बघायचा. म्हणजे काचेची एक कांडी. दूध चांगलं असेल तर वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर खाली बुडते. आमच्या दुधात ती बुडाली होती. किहातो सगळ्या रांगेसमोर म्हणाला होता, "काय न्याकिओताई, येताना नदीवरून आलात वाटतं?"

वारुगुरूने किटलीत नाक घातलं. मग सुनेकडे बघत आवाज उतरवला. "खरं सांग. घातलंस का पाणी? मी कोणाला बोलणार नाही."

"नाही घातलं, आई."

"मग काय गाईने घातलं?"

हे ती टोमणा म्हणून बोलली. पण बोलून झाल्यावर माझ्या शेजारच्या अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपाकडे बघत राहिली. तुमाइनी त्यात तोंड बुडवून पाणी पीत होती. भरपूर पीत होती. म्हातारीच्या डोक्यात काय शिरलं, ते मला तेव्हाच कळलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

न्याकिओ पहाटे नदीवरून पाणी आणून पिंप भरायची आणि चहा खुडायला जायची. ती वळणाआड गेली की वारुगुरू फाटक उघडून आत यायची, डबा डबा करून पिंप उपसायची आणि पाणी परसातल्या भाजीला घालायची. तळाशी घोटभर ठेवायची. "पातळ पिशील तर पातळच देशील ना गं," असं गाईला प्रेमाने समजवायची. भाजी काय तरारली त्या दिवसांत!

दुपारी न्याकिओ परत यायची, रिकामं पिंप बघायची आणि तुमाइनीची मान थोपटायची. "सगळं प्यायलीस? शहाणी माझी."

मित्रांनो, त्या थोपटण्याचं मला फार वाईट वाटायचं.

तहानलेली गाय मक्याची वाळलेली ताटं खात नाही. हुंगते आणि सोडते. माझ्या तळाशी चारा उरायला लागला. रताळ्याचे ओले वेल तेवढे ती ओढून घ्यायची. नाकपुड्या कोरड्या पडल्या, शेण घट्ट झालं, दूध आटत चाललं. आणि एवढं करून ती काचेची कांडी बुडायची ती बुडतच होती.

आता घरात दोन संशय राहायला लागले. सासूला वाटे, सून वाटेत पाणी घालते. सुनेला वाटे, सासू मागे चोरून धार काढते आणि शेजारीच दिलेल्या आपल्या लेकीच्या घरी पाठवते. दोघी एकाच ताटातलं गिथेरी, म्हणजे मका आणि घेवड्याची उसळ, खायच्या आणि एकमेकींचे हात बघायच्या. न्याकिओने गोठ्याच्या फाटकाला एक लोकरीचा दोरा बांधून ठेवायला सुरुवात केली. कोणी आत गेलं की तुटेल असा. रोज परत यायची तर दोरा तुटलेला. नुसती ओठ आवळून नवा बांधायची.

मी दोघींना बघत होते. आणि खोटं कशाला सांगू, मला किहातोचाही संशय येत होता, कारण तोही शिट्टी वाजवायचा.

शेवटी गटाच्या बायका आल्या. न्यागुथी ही गटाची प्रमुख. देहाने भारी, बोलायला सावकाश. तिच्यासोबत गाचेरी. यादीत न्याकिओच्या मागे तिचा नंबर होता, तेव्हा गाय हलवायची तर ती तिच्याच घरी जाणार होती. किहातोलाही त्याच्या काचेच्या कांडीसकट बोलावलं होतं. सगळ्यांसमोर धार काढायची, सगळ्यांसमोर तपासायची आणि आजच काय तो निकाल लावायचा.

"गाचेरी, दावं कशाला आणलंस?" न्याकिओने विचारलं.

"जाताना लाकडं बांधायला."

"नवंकोरं?"

"माझी लाकडं लाडाची आहेत."

न्याकिओने कास धुतली, हात कोरडे केले. चरवी उलटी करून जादूगारासारखी सगळ्यांना दाखवली. मग धार काढायला बसली. तुमाइनीने जेमतेम अर्धी चरवी दिली. किहातोने त्यातलं दूध एका उंच नळकांड्यात ओतलं, ते माझ्या कडेवर ठेवलं आणि कांडी सोडली.

कांडी बुडाली.

"बघा!" गाचेरी म्हणाली. "आपल्या डोळ्यांदेखत!"

"डोळ्यांदेखत काय? घालताना पाहिलंस?" न्याकिओ उठली.

"तेच तर. काय हातचलाखी म्हणायची!"

न्यागुथीने हात वर केला. "न्याकिओ, कांडीला तुझ्याशी वैर नाही. दूधही अर्धं झालंय. गाय का राहू द्यावी आम्ही तुझ्याकडे?"

न्याकिओचा बांध फुटला. "अर्धं झालंय, कारण मी मळ्यात असताना कोणीतरी गोठ्यात येतं! मी फाटकाला दोरा बांधते. रोज तुटतो. घरात मी आणि आई, दोघीच. आता तुम्हीच समजा."

सगळ्यांनी वारुगुरूकडे पाहिलं. म्हातारी ताठ झाली.

"मी चोर? माझ्याच घरात? हो, येते मी आत. धार काढायला नाही येत. पाणी काढायला येते!"

"कसलं पाणी?"

"हिच्या पिंपातलं. दूध पातळ येतंय म्हणून मी गाईचं पाणी तोडलंय. तुझी गाय वाचावी म्हणून, भवाने! कंबर मोडली माझी उपसून उपसून."

न्यागुथी सावकाश म्हणाली, "वारुगुरू, तुला दिवसभर पाणी दिलं नाही तर तू घट्ट होशील का गं?"

किहातोला हसू आलं, ते त्याने गिळलं. न्याकिओ हसली नाही. तिने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात गेली, स्वयंपाकाला आणलेलं पाणी कॅनसकट उचलून आणलं आणि पिंपात ओतलं. तुमाइनीने तोंड घातलं ते श्वास न घेता. तिच्या घशातून पाणी उतरताना आवाज येत होता, आणि तो ऐकत सगळे उभे राहिले. एक कॅन संपला. न्याकिओने दुसरा आणला. वारुगुरू खाली बसली आणि तिने शालीचं टोक तोंडावर धरलं.

"ते सगळं ठीक," गाचेरी जरा वेळाने म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार गेली होती. "तहानेने दूध कमी होईल. पातळ कसं होईल? ते पाणी तर आहेच ना?"

मग पुन्हा बोलाचाली सुरू झाली. कोणाची किटली, कोणाची रांग, गेल्या वर्षीच्या खुराकाच्या पोत्यापर्यंत विषय गेला. संध्याकाळचं गार वारं डोंगरावरून उतरलं होतं. त्या भांडणाकडे मी काही लक्ष दिलं नाही, कारण माझ्या कडेवर काहीतरी विचित्र चाललं होतं. नळकांड्यातली काचेची कांडी हळूहळू वर येत होती. कोणाचा हात लागला नव्हता. मी शपथेवर सांगते, मी नजर हटवली नव्हती.

ते दिसलं वारुगुरूला. ती खाली बसली होती, म्हणून कांडी तिच्या नजरेसमोर होती.

"ए, ही वर कशी आली?"

"हात कोणी लावला?" न्यागुथीने विचारलं.

"मी तर इथे उभी आहे!" "मग मी काय उडत आले?" "किहातो, तू?"

"मी कशाला लावू?" किहातोने वाकून पाहिलं. मग नळकांड्याला बाहेरून हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "दूध गार झालंय."

"मग?"

"गरम दुधात कांडी खाली जाते. आधी गार होऊ द्यायचं असतं. शिकवलं होतं मला. पण सकाळी रांग एवढी मोठी..."

न्याकिओने चरवीतलं, अजून कोमट असलेलं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "सोड यात."

कांडी बुडाली. आता कोणी भांडलं नाही. सगळे वाट बघत उभे राहिले, शाली आवळून. कोणी भांड्याला हात लावत नाही ना, इकडे प्रत्येकाचं लक्ष होतं. बऱ्याच वेळाने कांडी वर आली, न चुकता, जिथे यायला हवी तिथे.

"माझ्या घरच्या म्हाताऱ्या गाईचं दूध डोंगर उतरून येतं," गाचेरी स्वतःशीच म्हणाली. "पोचेपर्यंत दगडासारखं गार. आणि हिचं कुंपणावरून."

"कासेतून थेट रांगेत," न्यागुथी म्हणाली. "किहातो, त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला होतास, ते उद्या सगळ्यांसमोरच परत घ्यायचं. गाय इथेच राहील."

गाचेरीने दावं गुंडाळून कमरेला खोचलं. जाताना म्हणाली, "लाकडं उद्या नेते."

सगळे गेल्यावर सासू-सून गोठ्यातच राहिल्या.

"दोरा कशाचा होता गं तो?" वारुगुरूने शेवटी विचारलं.

"तुमच्या शालीचा."

"तरीच म्हटलं, शाल कशी उसवतेय."

न्याकिओला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. म्हातारी उठली, कॅन उचलला आणि नदीची वाट धरली. माफी मागायची रीत तिला येत नव्हती. पण पाणी वाहायची येत होती.

तुमाइनीचं दूध हळूहळू परत आलं. पुढे तिला कालवड झाली आणि नियमाप्रमाणे गाचेरीकडे गेली. देण्याआधी न्याकिओ तिच्या गोठ्यात जाऊन गव्हाण पाहून आली, पिंप पाहून आली, आणि फाटकाला दोरा नाही ना हेही.

आता माझ्या फळ्या कुजल्यात. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात आणि घरात सिमेंटची गव्हाण बांधायची कुजबुज चालते. मला ऐकू येते. माझं म्हणणं एवढंच आहे, मित्रांनो. गोठ्यातली गाय दावं सोडून नदीवर जाऊ शकत नाही, आणि तहान लागली असं सांगूही शकत नाही. तिचं दूध कमी झालं, ती चारा टाकायला लागली, तर तुम्हाला माणसांचा संशय येईल. येऊ द्या, मलाही येतो. पण आधी वाकून तिच्या पिंपात हात घालून बघा. हात ओला झाला, तर मग खुशाल भांडा.