पान एकशे बारा

अनसूया गायधनींच्या दाराची बेल दाबताना माझा हात थरथरत होता, असं लिहिलं तर छान वाटेल. पण थरथरत नव्हता. मी सरिता भोये, वय एकोणतीस, सहा वर्षं लोकांसाठी लिहितेय. बिल्डरांची माहितीपत्रकं, डॉक्टरांचे आरोग्यावरचे लेख, एका पुढाऱ्याचं तर अख्खं आत्मचरित्र. लिहिलं मी, नाव दुसऱ्याचं. आईला अजून वाटतं मी टायपिंगची कामं करते. आता पहिल्यांदा माझ्या नावानं काहीतरी छापून येणार होतं आणि ते मी हातचं जाऊ देणार नव्हते.

म्हणजे, बाईंनी हाकलून दिलं नाही तर.

“हे बघ,” दिवाळी अंकाचे संपादक रंगनाथ सर बजावून म्हणाले होते, “बाईंचं डोकं फिरलं की त्या उठून आत जातात आणि छापू नका म्हणतात. मागच्या दोघांचं तेच झालं. मुलाखत आणलीस तर आठ पानं, वर तुझं नाव. नाही तर तिथे राशिभविष्य वाढवतो. वाकडं काही विचारू नकोस.”

माझ्या वहीत वीस प्रश्न होते. त्यातले एकोणीस सरळ होते.

विसावा चौदा वर्षं पोटात होता. नववीत असताना शाळेच्या ग्रंथालयात बाईंची ‘नागलीचं रान’ ही कादंबरी हाताला लागली. आम्ही मूळचे सुरगाण्याकडचे, बाबांना अंबडच्या कारखान्यात काम लागलं म्हणून नाशकात आलो. आणि या पुस्तकात आमचा डोंगर, तुम्ही नाचणी म्हणता ती आमची नागली, आमची माणसं! वर्गात आमच्या गावाचं नाव काढलं की पोरी फिदीफिदी हसायच्या, आणि इथे एवढ्या मोठ्या लेखिकेनं त्यावर तीनशे पानं लिहिली होती. मी नुसती वेडी झाले. आईला वाचता येत नाही, म्हणून ती भाकरी थापायची आणि मी शेजारी बसून वाचायची. आईही खूश होती. पान एकशे बारा येईपर्यंत. तिथे नायिका शेतातून नवी नागली आणते, दळते आणि भरदुपारी पोराला भाकरी करून घालते. फार सुंदर लिहिलंय ते.

“ऑ? असं कोन खातं?” आईचा हात थांबला. “कणसरीला दाखवल्याबिगर? ही बाई आपल्याकडं आली, पन राह्यली नाय.”

कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. नवं धान्य तिला दाखवल्याशिवाय आमच्या पाड्यावर कुणी दाणा तोंडात घालत नाही. पण तेव्हा मला आईचा असा काही राग आला! अंगठेबहाद्दर बाई, आणि अनसूया गायधनींच्या चुका काढते? दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पुढच्या वर्षी सुगीला गावी गेलो तेव्हा डोळ्यांनी बघितलं. आईचं खरं होतं.

दार बाईंनीच उघडलं. पंचाहत्तरीच्या, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. “चपला बाहेर, फोन बंद, आणि मला मॅडम म्हणायचं नाही.” गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये खुर्च्यांपेक्षा पुस्तकंच जास्त. तासाभरात एकोणीस प्रश्न झाले. चहा आला, दुसऱ्यांदा आला. बाई मस्त बोलल्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

झालं म्हणून उठता आलं असतं. आठ पानं खिशात होती, नावासकट. पण मग समोरच्याला रुचेल तेवढंच लिहायचं, हेच तर मी सहा वर्षं करत आले होते. मला माझीच चीड आली.

“एक राहिलाय,” म्हणाले, आणि पान एकशे बारा सांगितलं. कणसरी सांगितली.

बाईंनी कप खाली ठेवला. “आई काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग.”

“ही बाई आपल्याकडं आली, पन राह्यली नाय.”

बाई उठल्या आणि आत निघून गेल्या.

गेलं! मेष, वृषभ, मिथुन, सगळ्या राशी माझ्या आठ पानांवर पाय पसरून बसलेल्या दिसायला लागल्या. पण विचारल्याचा पश्चात्ताप, खरं सांगते, कणभर झाला नाही.

दहा मिनिटांनी बाई परत आल्या त्या एक जुनी वही घेऊन. “अकरा वेळा गेले मी सुरगाण्याला. बघ.” प्रत्येक नोंदीच्या शेवटी एकच ओळ होती: शेवटची जीप पाच वाजता. “कणसरीला कधी दाखवतात गं?”

“दिवेलागणीनंतर.”

“आणि मी जीपमध्ये.” त्या स्वतःवरच हसल्या. “बावीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. सगळे मेले कौतुक करत बसले.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “सांग. पहिल्यापासून सांग. नव्या आवृत्तीत दुरुस्त करते.”

ज्यांच्यासारखं लिहायचं म्हणून मी लिहायला लागले, त्या माझं बोलणं उतरवून घेणार होत्या! मी सुरुवात केली. “आधी अंगण सारवतात. मग घरातली बाई पहिली कणसं सुपात घेते...” बाईंचं पेन भराभर धावत होतं. आणि मी थांबले. शब्द माझे आणि नाव दुसऱ्याचं, हे तर माझ्या ओळखीचंच होतं.

“बाई, पुढचं मी नाही सांगणार.”

“का?”

“ते मी लिहिणार आहे.”

आगाऊपणा वाटला असेल, तर वाटू दे.

बाईंनी माझ्याकडे चांगलं निरखून बघितलं. टोपण लावलं. “माझं पुस्तक आणलंयस ना सहीसाठी? आण इकडे.” त्यांनी पान एकशे बारा काढलं, सहा ओळींवर आडवी काट मारली, समासात काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली. “विसावा प्रश्न पहिला छाप,” म्हणाल्या. “आणि मी चुकले, हे गुळमुळीत करू नकोस.”

घरी गेल्या गेल्या आईला ते पान वाचून दाखवलं. ‘हे चूक आहे. बरोबर काय ते सरिता भोये लिहिणार आहे.’

“तुझं नाव कुठलं त्यात?”

मी दाखवलं. आईनं पिठाचं बोट पदराला पुसलं आणि मग त्यावर ठेवलं. बराच वेळ उचललं नाही. माझे डोळे भरून आले.

मी वही उघडली. “आता सांग बरं, अंगण सारवल्यापासून सगळं.”

“सांगून काय कळतं?” आई म्हणाली. “औंदा सुगीला गावाला चल आन राह्य. त्या बाईवानी जीप धरून पळू नको.”