वातीविना थंड दिवा

अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यांमागे पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. समोर घोंगडीवर निंगप्पा बुवा. त्यांच्या हातातल्या काचेच्या नळीत हिरवा उजेड उमटला.

"वात न्हाई, तेल न्हाई, चटका न्हाई. तपाचा दिवा हाय ह्यो. उजेड अंगावर घ्या आन् डाक्टरच्या गोळ्या सोडा. एका अंगात दोन औषधं चालत न्हाईत."

माणसांनी हात जोडले. माझ्या शेजारी रत्नम्मा होती. टॉवेल कारखान्यात काम करते, शाळेत माझ्याच हाताखाली विज्ञान शिकली. तिच्या नऊ वर्षांच्या शिवलीलाला फिट्स येतात. बुवांच्या सांगण्यावरून आठ दिवस गोळ्या बंद होत्या. परवा पोरगी शाळेच्या पायरीवर पडली, कपाळाला चार टाके पडले.

"रत्ना, असा थंड उजेड प्रयोगशाळेत रोज पाडतात."

"तितल्या लोकांनी बी तप केला आसंल की, सर."



एवढ्यात आईला खेटून बसलेल्या शिवलीलानं माझा सदरा ओढला. "सर, बुवा पायाचा अंगठा दाबत्यात तवाच उजेड पडतोय."

मी उठून बुवांच्या पायाजवळची घोंगडी उचलली. खाली बटण होतं. तिथून निघालेल्या वायरी बॅटरीला, विजेचा दाब वाढवणाऱ्या पेटीला आणि बुवांच्या बाहीतून नळीला जोडलेल्या होत्या.

"तपोभंग केलास, मास्तर," बुवा गुरगुरले.

शिवलीलानं बटणावर पाय ठेवला. नळी उजळली.

"मी कवा तप केला?" तिनं विचारलं.

मी रत्नम्माला नळीतल्या पत्र्यावरचा काळा मखमली थर दाखवला. "टॉवेलवर धागे उभे असतात ना, तसे हे कार्बनचे धागे. केसाहून शेकडो पटींनी बारीक. भट्टीत तापलेल्या धातूच्या कणांवर कार्बन असलेला वायू सोडला, की उगवतात. नळीतली हवा काढलेली असते. विजेचा दाब दिला, की धाग्यांच्या अणकुचीदार टोकांतून न तापताच इलेक्ट्रॉन सुटतात. ते समोरच्या लेपावर आदळले, की लेप उजळतो. हे शोधायला माणसांची वर्षानुवर्षं गेली. बुवांनी फक्त वर घोंगडी टाकली."

तरी जाताना गर्दीतल्या दोघांनी नळीलाच विभूती लावली. तीस वर्षं शिकवून हे बघायचं.

रत्नम्मा मात्र उठली नव्हती. "सर, गोळी आजपासनं देऊ?"

"आत्ताच डॉक्टरांकडं चल. मीही येतो."

बाबांनो, हात जोडायच्या आधी घोंगडी उचलून बघा. ते नऊ वर्षांच्या पोरीलाही जमतं.