धर्मपालजींची धुतलेली भिंत

मित्रांनो, पाण्याने या पृथ्वीवर दोनच थोर कामं केली आहेत. एक म्हणजे डोंगर कोरून दऱ्या पाडल्या. दुसरं म्हणजे ते माझ्यातून वाहिलं. दऱ्यांना लाखो वर्षं लागली. मला बटण दाबलं की पुरे.

हे मी बीरगांवात, धर्मपालजींच्या घरच्या जिन्याखालून बोलतो आहे. माझ्या डोक्यावर कूलरच्या जुन्या जाळ्या आहेत आणि गळ्यात बटाट्याची रिकामी पिशवी आहे. थोरांची अशी वेळ येतेच.

मी एक जुना प्रेशर वॉशर आहे. पोटात मोटर आणि पंप, मागे पाणी ओढणारा पाइप, पुढे पाणी सोडणारा पाइप आणि त्याच्या टोकाला बंदुकीसारखी एक गन. बादलीतलं साधं पाणी मी इतक्या जोराने फेकतो की गाडीचा चिखल, फरशीचं शेवाळ, भिंतीची काजळी जागा सोडून जातात. माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. खोक्यावर तीन देशांची नावं होती आणि तिन्ही देश जबाबदारी घ्यायला तयार नव्हते.

मला पहिल्यांदा विकत घेतलं शहरातल्या समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरसाहेबांनी. पहिल्या रविवारी माझं जे कौतुक झालं, ते आठवलं की आजही माझा पंप भरून येतो. साहेबांनी गाडी धुतली. मग फाटक धुतलं. मग कुंड्या धुतल्या, त्यात झाडंही गेली. हात थांबेना म्हणून शेजाऱ्याचं फाटकही धुतलं. शेजारी घरात नव्हते, नाहीतर तेही धुतले गेले असते. घरच्यांनी याचं चित्रण करून नातेवाइकांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा खांदा दुखू लागला आणि मी बाल्कनीत गेलो.

बाल्कनी हवेशीर होती, एवढंच. मी तिथे कितीतरी ऋतू काढले. कबुतरं यायची, पण त्यांचा आणि माझा स्वभाव जुळला नाही. ती ज्या गोष्टी करत, त्या नाहीशा करण्यासाठी माझा जन्म होता.

शेवटी साहेबांच्या घरात पसारा आवरायची लाट आली. त्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी रीना नावाची मुलगी होती. साहेब तिला म्हणाले, "रीना, तुम्हारे घर काम आएगा क्या? ले जाओ, पड़ा है." मोठ्या घरात टाकून देण्याला दान म्हणतात. ई-रिक्षात तिच्या पायाशी बसून मी बीरगांवला आलो. वाटभर तिने माझ्या पाइपाचं टोक हातात धरून ठेवलं होतं. बाकी काही नाही, ते रस्त्यावर घासत होतं.

बीरगांव पाहिलं आणि मला वाटलं, आपल्यासाठीच हे गाव वसवलं असावं. बाजूला कारखाने आहेत. त्यांची काळी धूळ रोज घरांवर उतरते. सकाळी पांढरा असलेला कुत्रा संध्याकाळी ओळखू येत नाही. धर्मपालजी रेल्वेत होते, निवृत्तीच्या पैशातून त्यांनी हे घर बांधलं. त्यांच्या भिंतीचा मूळ रंग कोणता, यावर ते आणि त्यांच्या पत्नी कांताबाई यांच्यात एकमत नव्हतं. ते आकाशी म्हणत, त्या पिस्ता म्हणत. दिसायला ती आगगाडीच्या जुन्या इंजिनासारखी होती.

पण मला घरात कोणी हात लावला नाही. जिन्याखाली ठेवलं आणि सगळे विसरले. मी मात्र ऐकत होतो. दुसरं कामच नव्हतं.

ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. रीना या घराची मुलगी, पण ती समोरच्या फाटकातून कधी येत-जात नसे. मागच्या गल्लीतून, मोरीच्या कडेने, स्वयंपाकघराच्या दाराने यायची. चपला हातात घेऊन. आल्यावर कांताबाई ताट वाढायच्या आणि तिघंही पंख्याच्या आवाजात जेवायची. मला वाटलं, फाटक बिघडलं असेल.

फाटक ठीक होतं. बिघडली होती ती फाटकाजवळची भिंत. आपल्या भागात लग्न निघालं की पेंटर बोलावून घराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं लिहून घेतात, ते तुम्ही पाहिलं असेल. इथेही लिहिलं होतं. वरच्या ओळीत 'मंगल परिणय', खालच्या ओळीत 'रीना संग यशदीप', आजूबाजूला कमळं. लग्न मोडलं. कोर्टाचे कागद झाले. रीना बॅग घेऊन परत आली. भिंतीला मात्र कोणी काही कळवलं नव्हतं.

पुसायचं कसं, यावर आईबाप जिन्यात बसून बोलत. तेवढाच चौकोन रंगवावा, असं धर्मपालजी म्हणाले. कांताबाई म्हणाल्या, "तेवढाच चौकोन पोतला तं सारा पारा-मोहल्ला विचारन, काय झाकून राहिले म्हणून." पूर्ण भिंत रंगवायची तर खर्च मोठा. एक पेंटर येऊन अंदाज सांगून गेला. तो गेल्यावर धर्मपालजी बराच वेळ भिंतीकडे न पाहता आकाशाकडे पाहत होते. आणि रीनाला तर विचारायचंच नव्हतं. तिच्यासमोर त्या भिंतीचा विषय काढायचा कोणी, यावरच दोघांची गाडी अडायची.

मग एके दिवशी धर्मपालजी बटाटे शोधायला जिन्याखाली वाकले आणि त्यांना मी दिसलो.

मित्रांनो, त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दसऱ्याला येणारा धम्मचक्र दिन तोंडावर आला होता. त्या निमित्ताने सगळे घर धुतात. आपणही धुवायचं, रीना ड्यूटीवर असताना. काजळीबरोबर नावंही वाहून जातील. घर स्वच्छ, खर्च शून्य, बोलणं काहीच नाही. योजना इतकी सुंदर होती की तिच्यात काहीतरी चुकणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला अंगणात आणलं. ड्रम भरून ठेवला, त्यात माझा पाइप सोडला. बटण दाबलं. किती काळानंतर माझ्या पोटातून पाणी गेलं. मी थरथरलो, मग ओरडलो, मग सुटलो. वर्षानुवर्षांची काजळी शाईसारखी ओघळू लागली. धर्मपालजी लुंगी खोचून, डोळे मिचकावत गन धरून उभे होते. थोड्या वेळाने ते ओरडले, "कांता, आकाशी आहे व." आतून भांडी आपटल्याचा आवाज आला.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. भिंतीचा रंग होता साधा, चुन्यात कालवलेला. नावं लिहिली होती ऑइल पेंटने. पेंटर मन लावून काम करणारा निघाला. माझ्या पाण्याने काजळी गेली, तिच्यासोबत थोडा आकाशी रंगही गेला. आणि त्या फिकट भिंतीवर लाल-पिवळी अक्षरं अशी उठून आली की जणू वरात आत्ताच निघायची आहे. कमळांच्या पाकळ्या मोजता येत होत्या.

समोरच्या घरात नव्याने भाड्याने आलेली सोनिया भाभी फाटकाशी थांबली. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. "वाह अंकल, नाम तो एकदम चमक गए. दीदी की सालगिरह है क्या?"

धर्मपालजी म्हणाले, "हव."

दुसरं काय म्हणणार? ती अभिनंदन करून गेली. ते गन भिंतीच्या जवळ नेऊन जोर लावू लागले. पोपडे उडाले, अक्षरं हलली नाहीत. तिकडे घराचं सगळं काळं पाणी उतारावरून मागच्या गल्लीत जमलं, मोरी तुंबली आणि गल्लीत घोटाभर तळं झालं. नेमकी त्याच दिवशी दवाखान्याला दुपारनंतर सुटी मिळाली. रीना गल्लीच्या तोंडाशी आली, तळं पाहिलं, वळली आणि कितीतरी महिन्यांनी समोरच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

मी बंद झालो. म्हणजे धर्मपालजींचं बोट सुटलं.

ती भिंतीकडे पाहत होती. ते जमिनीकडे पाहत होते. कांताबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. अशा वेळी यंत्राने कुठे पाहावं हे माझ्या माहितीपुस्तकात नव्हतं.

"बाबा, काय करून राहिले?"

"घर धुऊन राहिलो. पौर्णिमा... आपलं, दसरा आला न."

"आणि हे?"

"ते... जाऊन नाही राहिलं, बेटा."

रीनाने पर्स कठड्यावर ठेवली. ओढणी कमरेला बांधली. मग माझ्या बाजूला बसून तिने गनचं टोक काढलं आणि माझ्या अंगाला अडकवलेलं लाल टोक बसवलं. लाल टोकातून पाणी सुईसारखं निघतं. धर्मपालजींनी ते कधी हातात घेतलं नव्हतं, त्यांना ते झाकण वाटलं होतं. तिने गन भिंतीपासून वीतभर अंतरावर धरली आणि 'य' पासून सुरुवात केली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं खरं काम तेवढंच. मी पूर्ण ताकद लावली. 'य' गेला, 'श' गेला. ती घाई करत नव्हती. तोंडावर उडालेलं पाणी पुसत नव्हती, त्यामुळे त्यात कोणतं पाणी माझं आणि कोणतं तिचं, हे मला सांगता येणार नाही. शेवटचा 'प' निघाला तेव्हा त्या जागी उघडं प्लास्टर राहिलं. धर्मपालजी हळूच म्हणाले, "आता तुयंही काढून टाक. झंझट नको."

"माझं काहून काढू?" रीना म्हणाली. "मी तं इथंच आहो."

ती 'संग' कडे वळली आणि तेवढ्यात मी बंद पडलो. माझी मोटर तापली की आपोआप थांबते, अशी माझी घडणच आहे. भिंतीवर आता होतं 'मंगल परिणय, रीना संग' आणि पुढे मोकळं प्लास्टर. ज्याला वाचता येतं त्याने पुढचा प्रश्न विचारलाच असता.

मग कांताबाई आत गेल्या आणि भांड्यांची तारेची घासणी घेऊन आल्या. त्यांनी 'संग' घासायला घेतलं. करपलेली कढई घासावी तसं. ते झाल्यावर स्टुलावर चढून 'परिणय' घासलं. 'मंगल' पाशी हात थांबला. "हे राहू दे," त्या म्हणाल्या, "चांगलं लिवलं आहे." रीना हसली. स्टूल धरून धर्मपालजी उभे होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

भिंत पहिल्यापेक्षा वाईट दिसते हे मला मान्य आहे. आकाशी रंग जागोजाग गेला. उघड्या प्लास्टरवर काजळी सगळ्यात आधी बसली. पण ऑइल पेंटवरची ताजी काजळी पुसली की निघते. रीना रोज सकाळी ड्यूटीवर जाताना ओढणीच्या टोकाने आपलं नाव पुसते आणि समोरच्या फाटकातून जाते. चपला पायात घालून. पार्सलवाले आता 'मंगल रीना वाला घर' असा पत्ता सांगतात. सोनिया भाभीने पुन्हा काही विचारलं नाही. एकदा भज्यांची ताटली घेऊन आली आणि बराच वेळ बसली.

मला मात्र त्या दिवशी जिन्याखाली परत ढकललं, ते ढकललंच. "जळला वाटते," असं धर्मपालजी म्हणाले. मी जळलो नव्हतो. तापलो होतो. थोड्याच वेळात थंडही झालो. तेव्हापासून थंडच आहे. कोणी बटण दाबून पाहिलेलं नाही. वरच्या पायऱ्यांवरून पावलं जातात, ती तिघांचीही मला ओळखू येतात. आता जेवताना बोलणं होतं, कधी हसणंही. माझं नाव त्यात निघत नाही. ओढणीच्या टोकाने होणाऱ्या कामासाठी मोटर कोण लावेल?

तर मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्यावी. त्यांना एका चुकीवरून मेलेलं ठरवू नये. वापरून झाल्यावर त्या पुसून, कोरड्या करून ठेवाव्यात. यावर मी पुष्कळ बोलू शकतो, मला वेळच वेळ आहे. पण सध्या माझी मागणी लहान आहे. माझ्या पाइपात त्या दिवशीचं पाणी अजून तसंच आहे आणि त्यात डासांची पिलं झाली आहेत. कोणी इकडे वाकलंच, तर तेवढं ओतून द्यावं. घाई नाही. दोन-चार जण बोलायला बरे आहेत.